ऑर्डरच्या गाद्यांवरचं आगीचं लेबल: आधी वही, मग शिलाई

"बाकड्यावरच्या २४ गाद्या करायच्यात, सहा फुटी. कापड आम्ही पाठवतो. आणि सगळ्यांना ते फायरचं लेबल लावून द्या."

महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टांकडून, मिरजेच्या दवाखान्यांकडून, हायवेवरच्या हॉटेलांकडून अशी मागणी येते. बोलण्याचा सूर असा, की लेबल म्हणजे चेन किंवा पायपिंगसारखीच एक वस्तू. रीळ आणायचं, तुकडा कापायचा, शिवणीत घालायचा. तसं रीळ छापूनही मिळतं, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते मधलं वाक्य: "कापड आम्ही पाठवतो." ते कापड कोणतं, कशाचं, कुठल्या फोमवर बसणार, हे ठरल्याशिवाय लेबलावर लिहायला खरं असं काहीच नसतं.

गादी पेटते तेव्हा नुसतं कापड जळत नाही आणि नुसता फोमही जळत नाही. कापड, अस्तर, फोम, दोरा, पायपिंगची दोरी हे सगळं एकत्र जळतं आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो. सुती मखमल घ्या. सिगारेट पडली तर सूत वितळत नाही, निखारा धरून बसतं. तो निखारा कापडातून पुढे सरकतो आणि खालच्या फोमला अर्धा-पाऊण तास उष्णता देत राहतो. पॉलिएस्टरचं उलट. सिगारेटखाली ते वितळून मागे सरतं, म्हणून सिगारेटला बऱ्यापैकी तगतं. पण काडीची ज्योत लागली की क्षणात भोक पडतं आणि फोम उघडा होतो. म्हणजे सिगारेटला चांगलं ते ज्योतीला वाईट, आणि ज्योतीला बरं ते सिगारेटला वाईट. कापडवाल्याचा दाखला आणि फोमवाल्याचा दाखला एकाला एक टाचून 'गादी पास' असं म्हणता येत नाही ते यासाठी. लेबल बोलतं ते एका ठरावीक जोडणीबद्दल आणि एका ठरावीक लॉटबद्दल.

पहिला प्रश्न: कुठे वापरणार?

माप घ्यायच्या आधी हे विचारा आणि उत्तर ऑर्डर फॉर्मवर लिहून सही घ्या. सगळे नियम या उत्तरावरच फिरतात.

घरासाठी असेल तर विषय लहान आहे. घरगुती उशी-गादीवर आगीचं लेबल लावलंच पाहिजे असा ब्रिटनसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ग्राहकाला हवं असेल तर काय भरलंय आणि कापड कशाचं आहे हे लिहून द्या. चाचणी झालेली नसेल तर 'आग-प्रतिरोधक' हा शब्द वापरू नका. 'फायरप्रूफ' तर कुठल्याच गादीवर लिहू नये. पीयू (पॉलियुरेथेन) फोमची कोणतीही गादी पुरेशी आग मिळाली की जळतेच. एफआर, म्हणजे ज्वालारोधक, फोम फक्त पेट घ्यायला उशीर लावतो आणि लहान आग आपणहून विझू देतो.

हॉटेल, दवाखाना, नाट्यगृह, वसतिगृह, ऑफिस ही दुसरी पायरी. इथलं भारतीय मानक आयएस १५७६८:२००८. घरगुती नसलेल्या फर्निचरमधल्या कापड-फोमच्या जोडणीची पेट घेण्याला प्रतिकार करण्याची क्षमता, हा त्याचा विषय. संरक्षक वस्त्रांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशात हे मानक घातलेलं आहे. आदेशाच्या तारखा पुढे-मागे झाल्या आहेत, म्हणून मोठी ऑर्डर घेण्याच्या दिवशी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) संकेतस्थळावर सद्यस्थिती बघायची आणि त्या पानाची प्रिंट फाइलला लावायची. एका बाबतीत मात्र तारखेचा प्रश्नच येत नाही: परवाना नसताना आयएसआयचं चिन्ह छापणं हा बीआयएस कायदा, २०१६ खाली गुन्हा आहे. रीळ छापणारा "साहेब, कोपऱ्यात आयएसआय टाकू का, भारी दिसतं" असं विचारतो. नाही म्हणायचं.

प्रत्यक्षात मोठ्या हॉटेलांच्या आर्किटेक्टकडून येणाऱ्या कागदावर ब्रिटिश मानकंच लिहिलेली असतात: 'बीएस ५८५२, क्रिब ५' किंवा 'बीएस ७१७६, मीडियम हॅझर्ड'. बीएस ७१७६ जागेचा धोका चार पायऱ्यांत मांडतं. ऑफिस, शाळा ही कमी धोक्याची ठिकाणं, तिथे सिगारेट आणि काडीची ज्योत या दोन चाचण्या. हॉटेल, रेस्टॉरंट, दवाखाना हे मध्यम, तिथे त्यावर क्रिब ५. त्याच्या वर क्रिब ७, आणि शेवटच्या पायरीवर तुरुंगाच्या कोठड्या. क्रिब म्हणजे लाकडी कांड्यांची चौकटीसारखी रचलेली छोटी चिता. क्रिब ५ चं लाकूड १७ ग्रॅम असतं, क्रिब ७ चं १२६ ग्रॅम. आकडे शेजारी ठेवले की मध्यम आणि उच्च यांच्यातली दरी कळते. ग्राहकाने नुसतं 'फायर रेटेड' लिहून पाठवलं असेल तर परत विचारा: कोणतं मानक, कोणता स्रोत (म्हणजे चाचणीत पेटवायला काय वापरायचं: ० सिगारेट, १ काडीची ज्योत, ५ क्रिब ५)? उत्तर लेखी येईपर्यंत कटिंग करू नका.

रिसॉर्टवाल्यांचा एक नेहमीचा गोंधळ फॉर्म बी चा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून जो दाखला द्यावा लागतो, तो इमारतीतल्या अग्निशमन यंत्रणेचा. गादीच्या लेबलाने त्याची जागा भरून निघत नाही, आणि फॉर्म बी असला म्हणून गादी पास होत नाही. दोन कागद, दोन फाइली.

ट्रॅव्हल्सच्या बसची सीट किंवा स्लीपरची गादी हे पूर्ण वेगळं काम. तिथे आयएस १५०६१ आणि बसबॉडीचा एआयएस-०५२ लागतो. चाचणी आडवी जळण्याच्या वेगाची असते. हॉटेलसाठी पास झालेलं कापड बसला आपोआप चालत नाही. बॉडी बिल्डरकडून लेखी तपशील आल्याशिवाय त्या कामात हात घालू नये.

परदेशी जाणारा माल: एकच गादी दोन्हीकडे चालत नाही

ब्रिटनचे नियम १९८८ चे आहेत. १९७९ साली मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात रचून ठेवलेल्या फोमच्या फर्निचरने पेट घेतला, १० माणसं गेली, आणि तिथून या नियमांकडे जाणारी वाट सुरू झाली. सोप्यात सांगायचं तर ब्रिटनला तीन गोष्टी हव्यात: भरण ठरलेल्या ज्योत-चाचणीत पास, कापड-भरण सिगारेटला पास, कापड काडीच्या ज्योतीला पास. साध्या फोमला ही पहिली चाचणी झेपत नाही, म्हणून तिथे 'कम्बशन मॉडिफाइड' फोम वापरतात. मेलामाइन वगैरे घातलेला, हाताला जरा जड आणि कडेला भुसभुशीत लागणारा.

सोफ्याच्या बसायच्या आणि पाठीच्या गाद्या फर्निचरचा भाग म्हणून पूर्ण नियमात येतात. सोफ्यावर टाकायच्या सुट्या शोभेच्या उश्या आणि खुर्चीवरची सीट-पॅड यांना सूट आहे: भरण पास हवं, कापडाची चाचणी आणि कायमचं लेबल लागत नाही. एकाच शिपमेंटमध्ये दोन्ही असतील तर पॅकिंग लिस्टमध्ये वेगवेगळ्या ओळी करा. पूर्वी दुकानात टांगायचं जे डिस्प्ले लेबल असायचं ते ३० ऑक्टोबर २०२५ पासून रद्द झालं. शिवायचं कायमचं लेबल मात्र आहे तसंच आहे. जुना नमुना बघून अजूनही टांगायची पुठ्ठ्याची लेबलं मागणारे खरेदीदार भेटतात. त्यांना तारीख दाखवा.

कायमच्या लेबलावर 'केअरलेसनेस कॉजेस फायर' हे शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लागतात. त्याखाली उत्पादकाचं किंवा तिथल्या आयातदाराचं नाव आणि पोस्टकोड, बनवल्याची किंवा आयातीची तारीख, भरण कशाचं, कापड कशाचं, इंटरलायनर (कापड आणि फोममधलं ज्वालारोधक अस्तर) आहे की नाही, आणि बॅच क्रमांक. थोडक्या मजकुराचाही एक नमुना नियमात आहे, पण बॅच क्रमांक आणि इंटरलायनरची नोंद त्यातूनही सुटत नाही. या क्रमांकामागचे कागद पाच वर्षं जपून ठेवावे लागतात.

अमेरिकेचं गणित निराळं. कॅलिफोर्नियाचं टीबी ११७-२०१३ हे मानक २५ जून २०२१ पासून सगळ्या देशाला लागू झालं आणि लेबलाची सक्ती २५ जून २०२२ पासून आली. लेबलावरचं वाक्य ठरलेलं आहे, त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही: 'कंप्लाइज विथ यू.एस. सीपीएससी रिक्वायरमेंट्स फॉर अपहोल्स्टर्ड फर्निचर फ्लेमेबिलिटी', अर्थात इंग्रजी लिपीत. चाचणी फक्त धुमसण्याची आहे, ज्योत नाही. कापडाच्या चाचणीत ४५ मिनिटांनंतरही धुमसत राहिलं, काळा पडलेला भाग १.८ इंचाच्या वर गेला किंवा ज्योत उठली तर नापास. केवळ बाहेर वापरायच्या गाद्या यातून वगळल्या आहेत.

आता पेच इथे आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून फर्निचरमध्ये १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त ज्वालारोधक रसायन चालत नाही. शिवाय 'ज्वालारोधक रसायन घातलंय' की 'घातलेलं नाही' हेही लेबलावर सांगावं लागतं. ब्रिटनला चालणारा फोम म्हणजे बहुधा रसायन घातलेला फोम. म्हणजे लंडनच्या ऑर्डरमधून उरलेला ब्लॉक कापून लॉस एंजेलिसच्या ऑर्डरला वापरला तर माल उत्तम असूनही बेकायदेशीर ठरतो. गोदामात दोन्ही फोम शेजारी ठेवू नका. रंग सारखाच असेल तर कुणालाही कळणार नाही. ब्लॉक आला त्याच दिवशी चारही बाजूंना मार्करने ठळक खूण करायची.

अमेरिकेत याशिवाय 'लॉ लेबल' नावाचा वेगळा पांढरा टॅग लागतो. भरणाचे घटक वजनाच्या टक्क्यांत, 'ऑल न्यू मटेरियल', नोंदणी क्रमांक, आणि ग्राहकाशिवाय कुणी काढू नये अशी तंबी. टॅगचं कापड न फाटणारं हवं. आगीचं लेबल आणि हे लेबल एक नव्हे.

माल आला की

फोमचं बिल आणि चाचणी-अहवाल यांवर एकच ग्रेड हवी. बिलावर '४० डेन्सिटी एफआर' आणि अहवालावर भलताच ग्रेड कोड असेल तर तो अहवाल दुसऱ्या फोमचा आहे. मग काटा काढायचा. सहा फुटी बाकड्याची गादी धरा, १८० × ४५ × ७.५ सेंमी. घनफळ ०.०६०७५ घनमीटर. ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) तुकडा साधारण २ किलो ४३० ग्रॅम भरला पाहिजे. २ किलोच्या आत भरला तर तो ३२ चा आहे. २४ गाद्यांचा फोम ५८ किलोच्या आसपास. मात्र वजन भरलं म्हणजे एफआर आहे असं नाही. खडूची पूड घालूनही वजन भरतं. काटा फक्त खोटेपणा पकडतो, खरेपणा सिद्ध करत नाही.

रिबॉन्डेड फोमचा तळ घालायची आपल्याकडे सवय आहे, खाली दोन इंच रिबॉन्डेड, वर दोन इंच सॉफ्ट. रिबॉन्डेड म्हणजे पन्नास ठिकाणच्या कातरणांचा चुरा दाबून केलेला ठोकळा. प्रत्येक ब्लॉक वेगळा. लेबलाच्या कामात तो घालायचाच असेल तर त्याच लॉटचा थर नमुन्यात घेऊन चाचणी करावी लागते. आमचं मत स्पष्ट आहे: घालू नका. कडकपणा हवा असेल तर एचआर (हाय रेझिलियन्स) किंवा जास्त डेन्सिटीचा एकसंध एफआर घ्या.

कापडाबद्दल तीन गोष्टी विचारायच्या: घटक टक्क्यांत, वजन जीएसएममध्ये (चौरस मीटरला किती ग्रॅम), आणि ज्वालारोधकपणा कशाने आलाय. धाग्यातच असेल तर उत्तम, धुतल्याने जात नाही. मागे लेप असेल तर कापड उलटं करून नखाने खरवडा; पापुद्रा निघत असेल तर शिवणीत सुईच्या भोकांपाशीही निघणार. आणि नुसतं क्षारांच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं असेल, बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम फॉस्फेटचं, तर ते पहिल्या धुण्यात जातं. महाबळेश्वरच्या पावसात तर धुवायचीही गरज नाही. क्षार हवेतला ओलावा ओढतात, कापडावर पांढरी भुकटी येते, खालच्या स्टेपलच्या पिना गंजतात. मंडपाच्या पडद्याला ते एका हंगामापुरतं ठीक. शिवलेल्या लेबलाच्या गादीला नाही. ब्रिटनच्या नियमांत काडीच्या चाचणीआधी कापड पाण्यात भिजवून घेतात ते नेमकं हेच पकडायला.

विट्याच्या मागावरचं सुती, खादी, लिनन असलं कापड ग्राहकाला हवंच असेल तर मार्ग आहे, इंटरलायनर. कापड आणि फोम यांच्या मध्ये ज्वालारोधक अस्तर. ब्रिटनमध्ये ही सवलत फक्त अशा लेप नसलेल्या कापडाला आहे ज्यात सूत, लिनन, व्हिस्कोस, रेशीम, लोकर असे धागे वजनाने किमान ७५ टक्के आहेत. सिगारेटची चाचणी त्यालाही द्यावीच लागते. इंटरलायनर सहाही बाजूंनी घ्यायचा. कारागीर कापड वाचवायला तळ उघडा ठेवतात, "खाली कोण बघतंय" म्हणून. आग बघते. बाकड्याच्या फळ्यांच्या फटीतून ज्योत खालूनच येते.

कारखान्यात तुकडा जाळून बघायचा मोह सगळ्यांना होतो. बघा, पण नापास करायला, पास करायला नव्हे. उघड्यावर, वाळूच्या ताटावर, शेजारी पाण्याची बादली, चिमट्यात बोटभर पट्टी. जळलेल्या कागदाचा वास आणि विझवल्यावरही लाल धार म्हणजे सूत. काळा कडक मणी म्हणजे पॉलिएस्टर. जळक्या केसांचा वास म्हणजे लोकर किंवा रेशीम. '१०० टक्के पॉलिएस्टर' म्हणून आलेल्या कापडाने निखारा धरला तर तिथेच परत पाठवा. फोम मात्र असा जाळू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो.

चाचणीचा नमुना

सिगारेट आणि काडीच्या चाचणीला फोमचे दोन तुकडे लागतात, पाठीचा ४५० × ३०० × ७५ मिमी आणि बैठकीचा ४५० × १५० × ७५ मिमी. कापड ८०० × ६५० मिमी. क्रिबला फोम मोठा, पाठ ४५० × ४५० आणि बैठक ४५० × ३००, जाडी तीच. प्रत्येक चाचणी एकाहून जास्त वेळा होते, म्हणून १४० सेंमी पन्ह्याचं चार मीटर कापड चाचणीला आणि एक मीटर आपल्याकडे राखून, असं पाच मीटर जास्त मागवायचं. हे कोटेशनमध्ये आधीच घाला, नंतर ग्राहक देत नाही.

प्रयोगशाळा निवडताना जवळ-लांब बघू नका, एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) व्याप्ती बघा, म्हणजे कोणत्या चाचण्यांना मान्यता आहे ते. मुंबईत बीट्रा आणि सस्मिरा, गाझियाबादला निट्रा या वस्त्र-संशोधन संस्था आहेत. फोनवर एवढंच विचारा: 'बीएस ५८५२ स्रोत ५ तुमच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का?' 'करून देतो' हे उत्तर पुरेसं नाही. अहवाल आला की निकालाच्या आधी नमुन्याचं वर्णन वाचा. कापडाचं जीएसएम, रंग, फोमची ग्रेड, इंटरलायनर, भिजवलं होतं का. तिथे 'फॅब्रिक सॅम्पल, ब्लू' एवढंच असेल तर तो कागद कुठल्याही निळ्या कापडाचा होऊ शकतो, म्हणजे तुमच्या कापडाचा नाही. वर्णन दुरुस्त करून मागा.

आणि जे शिवणार तेच पाठवा. फोमला सोल्युशन लावून थर चिकटवणार असाल तर नमुनाही चिकटवलेलाच द्या.

शिवताना जिथे बिघडतं

शिवण हा गादीचा सगळ्यात कच्चा भाग. पॉलिएस्टरचा दोरा २६० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. कापड टिकतं, पण दोरा गेला की शिवण उसवते आणि आत फोम दिसायला लागतो. क्रिबच्या कामाला अ‍ॅरामिडचा किंवा ज्वालारोधक दोरा घ्या. महाग पडतो, म्हणून निदान वरच्या कडेच्या शिवणी त्याने मारा आणि नमुनाही तसाच शिवून पाठवा. पायपिंगमधली सुती दोरी समईच्या वातीसारखं काम करते. निखारा तिच्यातून गादीभर फिरतो. चेन मागच्या खालच्या कडेला, आणि तिच्या आतून त्याच कापडाची तीन-चार सेंमीची पट्टी, कारण नायलॉनची चेन वितळली की ती सरळ फोमवर उघडते. बटण टाचलेल्या गाद्या तर टाळाच. सिगारेट घरंगळून नेमकी बटणाच्या खळग्यात थांबते.

सोल्युशनचे डबे, फोमचा भुगा आणि बिडी या तिन्हींना एका छताखाली राहू देऊ नका. चिकटवलेला फोम खोळीत घालण्याआधी एक रात्र मोकळ्या हवेत ठेवा.

वही

लेबल शेवटी शिवलं जातं, पण ते लिहिलं जातं कटिंगच्या दिवशी. एका लॉटला एक पान. वर लॉट क्रमांक, खाली फोमचा बिल क्रमांक आणि ब्लॉकची खूण, कापडाचा रोल क्रमांक, इंटरलायनरचा रोल, दोऱ्याचा बॉबिन-नंबर, अहवाल क्रमांक, किती नग, कुणी कापले, कुणी शिवले. पानाला ३० × ३० सेंमीचा कापडाचा तुकडा आणि फोमची एक काप टाचायची. कापडाचा रोल मध्येच संपून दुसरा लावला, तर तोच रंग असला तरी लॉट बदलला. २६-०७-अ संपलं, २६-०७-ब सुरू. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणं चांगलं, पण मोबाइल हरवतो. वही ठेवा.

हॉटेलच्या गादीसाठी लेबलावर आम्हाला योग्य वाटणारा मजकूर असा:

लॉट २६-०७-अ
भरण: पीयू फोम, एफआर, ४० डेन्सिटी
कापड: १०० टक्के पॉलिएस्टर, मागे लेप
इंटरलायनर: नाही
चाचणी: बीएस ५८५२, स्रोत ०, १, ५, अहवाल क्रमांक व तारीख
उत्पादक, गाव, महिना-वर्ष
पाण्याने धुऊ नये. पेटती सिगारेट, काडी, हीटर दूर ठेवा.

शेवटची ओळ ही काळजीची सूचना, ती कापडवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे बदलेल. बाकी ओळींत विशेषणं नाहीत हे बघा. 'सुरक्षित', 'उच्च दर्जाचं', 'आंतरराष्ट्रीय मानकानुसार' असं काही छापलं की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. कोणतं मानक, कोणता स्रोत, कोणता अहवाल, एवढंच. तयार पाकिटात बंद करून दुकानात किंवा ऑनलाइन विकायच्या उश्यांना वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा संपर्क हे पाकिटावर वेगळं लागतं. मापाने शिवून दिलेली गादी त्यात बसत नाही.

लेबलाचं कापड पॉलिएस्टर साटन किंवा टायवेक (कागदासारखं दिसणारं, न फाटणारं). छपाई रिबनच्या थर्मल प्रिंटरवर. बॉलपेन धुण्यात जातं, मार्कर पसरतो, शाईचा शिक्का घामाने पुसतो, आणि चिकटवलेला स्टिकर म्हणजे कायमचं लेबल नव्हे. आकार ५ × ८ सेंमी, वर एक सेंमी शिवणीत जायला. त्या एका सेंमीत मजकूर येऊ देऊ नका. पहिली ओळ लॉट क्रमांकाची असते आणि नेमकी तीच शिवणीत गडप होते. जागा चेनच्या बाजूच्या शिवणीत, चेन उघडायच्या आधी दिसेल अशी.

खोळ काढता येत असेल तर एक लेबल पुरत नाही. धोब्याकडून आलेल्या २४ खोळी २४ फोमवर पुन्हा चढवताना कोण जुळवतं? एक लेबल खोळीला, एक आतल्या अस्तराला, दोन्हींवर तोच लॉट. तपासणीला आलेला माणूस आधी चेन उघडून आतलं लेबल बघतो.

माल देताना ग्राहकाला लेबलाचा फोटो, अहवालाची प्रत आणि एक पानाची सूचना द्या: धुणं कसं, डाग-रोधक फवारा मारायचा नाही (चाचणीनंतर वर बसलेला कुठलाही थर निकाल बदलू शकतो), आणि खोळ बदलली तर जुनं लेबल नव्या खोळीला लावायचं नाही. हे तिसरं हॉटेलवाले हमखास करतात. तीन वर्षांनी रंग उडतो, गावातल्याच कुणाकडून नव्या खोळी शिवून घेतात आणि जुनं लेबल उसवून त्यावर शिवतात. फोमवरचं आतलं लेबलही तेव्हा खोटं ठरतं, कारण ते जोडणीबद्दल बोलत होतं. दुरुस्तीला आलेल्या गादीचं कापड बदलताना दोन्ही लेबलं कात्रीने कापून काढा, वहीतल्या त्या पानावर 'रद्द' लिहून तारीख घाला, आणि नव्या कापडाचा नमुना चाचणीला पाठवा.